ब्लॅक बेल्ट मिळाला, पुढे काय?

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या एक बाई संध्याकाळी दारात उभ्या राहिल्या. चार घरची धुणीभांडी आटपून नुकत्याच परतल्या होत्या. काखेत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली काचेची फ्रेम होती. आत लेकीचं कराटेचं प्रमाणपत्र, सोनेरी शिक्का, गुरगुरणारा वाघ आणि खाली तीन सह्या. पोरगी दहा वर्षांची, पाचवीत शिकते.

"जयभीम ताई. पोरीला ब्लॅक बेल्ट मिळाला बघा. बाबासाहेबांच्या फोटोशेजारी लावणार आहे. पण तिचे पप्पा विचारतात, याचा पुढं नोकरीला उपयोग होईल ना? तुमची पोरगीपण जाते, तुम्हाला माहीत असेल."

मी आधी चहा ठेवला. उत्तर द्यायला मलाच थोडा वेळ हवा होता. पोरीला क्लासला घालून दोन वर्षं झाली होती. दर दोन-तीन महिन्यांनी परीक्षा, प्रत्येक परीक्षेची फी वेगळी, नवा पट्टा वेगळा, प्रमाणपत्राचे पैसे वेगळे. शेवटच्या परीक्षेसाठी आईने बचत गटातून कर्ज उचललं होतं आणि त्याचे हप्ते अजून चालू होते.

पोरगी चुणचुणीत. मी तिला गादीवर उभं केलं आणि म्हटलं, बाळा, मागच्या मागे पडून दाखव. ती हसली, मग मागे हात टेकून बसली. मनगट असंच मोडतं. आमच्या दवाखान्यात ओट्यावरून, सायकलवरून पडलेली मुलं हात धरून येतात, त्यांतली बरीच अशीच पडलेली असतात. कराटेच्या पुष्कळ क्लासांत पडायला शिकवतच नाहीत, त्यामुळे यात पोरीचा दोष नाही. पण काळा पट्टा कमरेला असताना अंगाला काय येतं, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून यावेळी आरोग्याच्या पानावर ब्लॅक बेल्टबद्दल लिहिते आहे. आपल्या वस्त्यांत समाजमंदिरात, शाळेच्या पटांगणात, विहाराच्या हॉलमध्ये असे क्लास चालतात. आईबाप पोटाला चिमटा घेऊन फी भरतात. त्यांना हे माहीत असायला हवं.

आधी हा पट्टा आला कुठून ते पाहू. जपानमध्ये जिगोरो कानो नावाचे एक शिक्षक होऊन गेले. जन्म १८६० चा. अंगाने लहानखुरे. शाळेत दांडगी पोरं त्यांना त्रास द्यायची, म्हणून ते जुजुत्सू ही जुनी कुस्तीसारखी विद्या शिकले. तिच्यातले जीवघेणे डाव बाजूला काढून १८८२ मध्ये त्यांनी टोकियोतल्या एइशोजी या बौद्ध मंदिराच्या खोलीत स्वतःचा वर्ग सुरू केला. जागा बारा चटयांची, शिष्य नऊ. तोच पुढे ज्युदो झाला आणि १९६४ मध्ये ऑलिम्पिकमध्ये गेला. दहा बाय बाराच्या खोलीत क्लास चालवणाऱ्या आपल्या सरांनी आणि ताईंनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

(विहाराचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. बोधिधर्म या बौद्ध भिक्खूने भारतातून चीनला जाऊन कराटे-कुंगफू सुरू केलं, असं क्लासांत हमखास सांगतात. ऐकायला छान वाटतं, पण ती दंतकथा आहे. ज्या पुस्तकाच्या आधारावर ती सांगतात ते बोधिधर्मानंतर हजारएक वर्षांनी लिहिलेलं आहे. अभिमानाच्या गोष्टीलाही आपण पुरावा मागितला पाहिजे.)

तर कानोंनी १८८३ मध्ये आपल्या दोन शिष्यांना 'शोदान' ही पायरी दिली. 'गो' नावाच्या सोंगट्यांच्या जपानी खेळात खेळाडूंच्या अशा पायऱ्या आधीपासून होत्या, त्यांच्यावरून ही कल्पना घेतली. आपल्या क्लासांत याला फर्स्ट डॅन म्हणतात. जपानी उच्चार 'दान' असा आहे, पण हे दान कुणी देत नाही, कमवावं लागतं. काळा पट्टा त्यानंतर दोन-तीन वर्षांनी, १८८६ च्या सुमारास आला. पांढरा पट्टा वापरून वापरून मळला आणि काळा झाला, ही गोष्टही खोटी आहे. पट्टा रंगवलेलाच असायचा. या गोष्टीमुळे कितीतरी क्लासांत बेल्ट धुवायचा नाही, धुतला तर विद्या जाते, असं मुलांना सांगतात. पालकांनो, बेल्ट खुशाल धुवा. घामाच्या पट्ट्याने, दुसऱ्याच्या टॉवेलने आणि न पुसलेल्या मॅटने गजकर्ण पसरतं. एका पोराला झालं की महिन्याभरात अर्धा क्लास खाजवत दवाखान्यात येतो. ड्रेस प्रत्येक वेळी धुवायचा, उन्हात वाळवायचा, नखं कापायची, घरी आल्यावर अंघोळ करायची. मेडिकलमधून कुठलीही पांढरी मलम आणून लावायची नाही. त्यातल्या काहींत स्टिरॉईड असतं. चार दिवस बरं वाटतं आणि मग दुप्पट उठतं.

कराटे ओकिनावा बेटावरचं. तिथे जुन्या काळी पट्टे नव्हते आणि पायऱ्याही नव्हत्या. शिकणारा शिकत राहायचा. गिचिन फुनाकोशी हे ओकिनावाचे शाळामास्तर १९२२ मध्ये टोकियोला गेले आणि १९२४ मध्ये त्यांनी कानोंची पद्धत उचलून आपल्या शिष्यांना पहिले डॅन दिले. पिवळा, केशरी, हिरवा, निळा, तपकिरी हे रंगीत पट्टे युरोपात ज्युदो शिकवताना रुळले. तिथल्या विद्यार्थ्यांना थोड्या थोड्या दिवसांनी काहीतरी पुढे सरकल्यासारखं वाटावं, हा हेतू होता. हेतू वाईट नव्हता. लहान मुलाला पुढचा रंग दिसला की ते टिकतं. पण जितके रंग तितक्या परीक्षा आणि जितक्या परीक्षा तितक्या फिया, हा हिशेब पुढे अनेकांच्या लक्षात आला. मधल्या पट्ट्यावर एक रेघ, दोन रेघा अशाही परीक्षा मी पाहिल्या आहेत.

'शोदान' या शब्दाचा अर्थच 'सुरुवातीची पायरी' असा आहे. म्हणजे काळा पट्टा हा शाळेत नाव घातल्याचा दाखला. बाराखडी आली, आता वाचायला शिकायचं. आपल्याकडे मात्र तो पदवीदान समारंभासारखा साजरा होतो, फ्लेक्स लागतो आणि दुसऱ्या महिन्यापासून मूल क्लासला जायचं बंद होतं. सगळं मिळालं, आता काय शिकायचं?

खरं तर पुढे खूप आहे. तायक्वांदोची मुख्य संस्था कोरियात सोल शहरात आहे, कुक्कीवॉन. तिचे नियम स्पष्ट आहेत. पहिल्या डॅनवरून दुसऱ्याला जायला किमान एक वर्ष, दुसऱ्यावरून तिसऱ्याला दोन, तिसऱ्यावरून चौथ्याला तीन. मग चार, पाच, सहा, आणि शेवटच्या दोन पायऱ्यांना आठ व नऊ वर्षं. नवव्या डॅनपर्यंत नुसत्या थांबण्याची बेरीज ३८ वर्षं होते. वरच्या पायऱ्यांना निबंधही लिहून द्यावा लागतो. पंधरा वर्षांखालच्या मुलाला तिथे डॅन मिळत नाही. त्याला 'पूम' देतात आणि त्याचा पट्टा अर्धा लाल, अर्धा काळा असतो. जपानच्या कोडोकान या ज्युदोच्या मूळ संस्थेतही शोदानसाठी चौदा वर्षं पूर्ण लागतात. आता दहा वर्षांच्या पोरीच्या त्या फ्रेमकडे पुन्हा बघा.

कराटेत अनेक शाखा आणि अनेक संघटना आहेत, म्हणून एकच नियम सांगता येत नाही. पण आठवड्याला तीन दिवस नियमाने जाणाऱ्याला पहिल्या डॅनपर्यंत चार-पाच वर्षं लागतात, हे कुठल्याही प्रामाणिक क्लासमध्ये ऐकायला मिळेल. परीक्षेत तीन भाग असतात. सुटे ठोसे-लाथा-बचाव म्हणजे किहोन, ठरलेल्या हालचालींची मालिका म्हणजे काता आणि समोरासमोरची लढत म्हणजे कुमिते. हे सगळं एका दिवशी, एकामागून एक, दमलेल्या अंगाने करायचं असतं. दमल्यावरच खरी परीक्षा सुरू होते.

हे मला माझ्या लेकीमुळे कळलं. ती नवव्या वर्षी क्लासला लागली आणि पंधराव्या वर्षी शोदानला बसली. किहोन झालं, काता निम्मा झाला आणि तिला धाप लागली. लढतीत दुसऱ्याच मिनिटाला ती गुडघ्यावर हात ठेवून उभी. परीक्षकांनी नापास केली. मला राग आला. सहा वर्षांच्या फिया, पावसात छत्री धरून नेणं-आणणं, आणि हे काय! मी तिच्या मॅडमना जरा वरच्या आवाजातच विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "ताई, तुम्ही सिस्टर आहात ना? हिचे डोळे बघितलेत का कधी? दोन महिने ही वॉर्मअपलाच दमते आहे."

दुसऱ्या दिवशी मी तिची खालची पापणी ओढून पाहिली. पांढरी फटक. हिमोग्लोबिन ९.१ निघालं. मी दिवसभर दुसऱ्यांच्या मुलींना लोहाच्या गोळ्या वाटते आणि माझ्या घरात ही गत. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकामुली रक्तक्षयाच्या आहेत, हे मला तोंडपाठ होतं. त्यातली एक माझ्याच ताटात जेवत होती. पाळीत जास्त जात होतं, तेही तिने सांगितलं नव्हतं. सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी शाळेत काहीतरी, थेट रात्री भात, असं तिचं खाणं.

डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या सुरू केल्या. जंताची गोळी दिली. गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, लिंबूपाण्याबरोबर घ्यायची, कारण चहाने लोह अंगी लागत नाही आणि लिंबाने लागतं. शौचाला काळं होतं, त्याला घाबरायचं नाही. सकाळी चहाऐवजी मूठभर भिजवलेले चणे आणि गूळ, आठवड्यात चार-पाच अंडी, नाचणीची भाकरी, पालेभाजी, जमेल तेव्हा मटण किंवा कलेजी. क्लासमध्ये कुणीतरी प्रोटीनचा डबा विकत होतं, तो मी घेतला नाही. त्या पैशात दोन महिन्यांची अंडी येतात. आकडा बारापर्यंत चढल्यावरही डॉक्टरांनी सांगितले तितके महिने गोळ्या चालू ठेवल्या. इथे बहुतेक जण चुकतात. बरं वाटलं की गोळ्या बंद करतात आणि सहा महिन्यांत रक्त पुन्हा उतरतं. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी मुली बाकाखाली टाकतात, हे माझ्या लेकीनेच मला हसत हसत सांगितलं. मला काही हसू आलं नाही.

पुढच्या वर्षी ती पास झाली. पण मला त्या पट्ट्यापेक्षा नापास करणाऱ्या परीक्षकांचं आणि त्या मॅडमचं मोल जास्त वाटतं. फी घेऊन पास केलं असतं तर तिचं रक्त कुणी तपासलं असतं?

खरी परीक्षा घेणं आणि परीक्षाच न देणं यात फरक आहे, हेही सांगायला हवं. कारण पायऱ्यांच्या या पद्धतीतही माणसांनी भिंती उभ्या केल्या होत्या. केइको फुकुदा नावाच्या ज्युदोकार बाई होत्या. जन्म १९१३, उंची पाच फुटांपेक्षा कमी. त्यांचे आजोबा खुद्द कानोंचे जुजुत्सूचे गुरू. कानोंनीच या मुलीला ज्युदो शिकायला बोलावलं. लग्न केलं तर ज्युदो सुटेल म्हणून त्यांनी लग्न केलं नाही. १९५३ मध्ये त्यांना पाचवा डॅन मिळाला आणि तिथे गाडी थांबली. त्या शिकवत होत्या, पुढे अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन त्यांनी शाळा काढली, पण बाईला पाचव्याच्या वर चढवायचं नाही, असा कोडोकानचा शिरस्ता. त्यांचं कौशल्य कमी होतं म्हणून नव्हे, त्या बाई होत्या म्हणून. बायकांच्या काळ्या पट्ट्याच्या मधोमध लांबून दिसेल अशी पांढरी रेघही असायची. पट्टा काळा, पण बाईचा. अशा रेघांचा अर्थ आपल्या समाजाला समजावून सांगावा लागत नाही.

सहावा डॅन त्यांना १९७२ मध्ये मिळाला. त्यासाठी लोकांनी मागणी लावून धरली होती. पाचव्यावरून सहाव्याला १९ वर्षं. कोडोकानने नववा दिला तो २००६ मध्ये, बाई तेव्हा नव्वदी ओलांडलेल्या. २०११ मध्ये अमेरिकेतल्या ज्युदो संघटनेने त्यांना दहावा डॅन दिला, वयाच्या ९८ व्या वर्षी. २०१३ मध्ये त्या गेल्या. शेवटच्या वर्षांतही त्या ज्युदो शिकवत होत्या, खुर्चीत बसून. कोडोकानने मात्र २००६ पर्यंत ज्या पंधरा जणांना दहावा डॅन दिला, ते पंधराही पुरुष.

न्यूयॉर्कच्या रस्टी कानोकोगी या बाईंनी तर १९५९ मध्ये एका संघातून पुरुषांच्या स्पर्धेत खेळून सुवर्णपदक जिंकलं होतं. आयोजकांनी विचारलं, तू बाई आहेस का? हो म्हटल्यावर पदक काढून घेतलं. त्यांनी पुढची सगळी वर्षं बायकांच्या ज्युदोसाठी खर्च केली. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये बायकांच्या ज्युदोला पदकं मिळू लागली, त्यात त्यांचा मोठा वाटा. ते काढून घेतलेलं पदक त्यांना २००९ मध्ये, पन्नास वर्षांनी परत मिळालं.

आता मुलांच्या शरीराबद्दल. डॅनसाठी वर्षं का लागू द्यावीत, याचं उत्तर हाडात आहे. स्नायू काही आठवड्यांत बळकट होतात, पण हाडाला स्नायू बांधणारे दोर आणि सांधे तयार व्हायला कितीतरी जास्त वेळ लागतो. वाढत्या वयात हाडाच्या टोकाशी मऊ कूर्चा असते, तिथून हाड लांब होतं. मुलींमध्ये साधारण चौदा-सोळाव्या आणि मुलांमध्ये सोळा-अठराव्या वर्षापर्यंत ती पूर्ण पक्की होत नाही. तिथे जोराचा किंवा रोजचा मार बसला तर हाड वाकडं वाढू शकतं. म्हणून लहान मुलांकडून कौलं-फरशा फोडून घेणं, सिमेंटवर मुठींनी जोर काढायला लावणं, शिक्षा म्हणून उकिडवं बसून मैदानाला फेऱ्या मारायला लावणं, पाय फाकवताना वरून दाब देणं हे बंद झालं पाहिजे. पंधरा ऑगस्टला स्टेजवर टाळ्या मिळतात म्हणून मुलांच्या हातांची किंमत द्यायची नसते. मुंबई असो की नागपूर, हे प्रकार मी सगळीकडे पाहिले आहेत.

डोक्याचा मार सगळ्यात वाईट. जपानसारख्या देशात, जिथे ज्युदो जन्मला, तिथल्या शाळांमध्ये १९८३ पासूनच्या तीनएक दशकांत शंभराहून जास्त मुलं ज्युदोमध्ये दगावली. त्यांतली अनेक डोक्याच्या इजेने, आणि बरीचशी नवशिकी. पडायला नीट न शिकवता त्यांना आपटलं गेलं होतं. पालकांनी आवाज उठवल्यावर तिथे नियम कडक झाले. आपल्या क्लासमध्ये मूल डोक्यावर पडलं किंवा डोक्याला लाथ लागली आणि त्यानंतर उलटी, गुंगी, वाढती डोकेदुखी, तोल जाणं, विचारलेलं न समजणं यातलं काही दिसलं, तर थांबायचं नाही. हळद नको, तेल नको, १०८ ला फोन करून सरळ मोठ्या सरकारी रुग्णालयात न्यायचं. काही दिसलं नाही तरी त्या दिवशी पुन्हा खेळू द्यायचं नाही, आणि पुढचे दिवस लक्ष ठेवायचं.

दम्याच्या मुलाला क्लासला घालू का, असं अनेक आया विचारतात. डॉक्टरांना विचारून जरूर घाला, फक्त पंप पिशवीत असू द्या आणि सरांना सांगून ठेवा. फिट येणाऱ्या मुलासाठी मात्र डॉक्टरांशी सविस्तर बोलल्याशिवाय लढतीचा विचार करू नका. स्पर्धेआधी वजन उतरवायला मुलांना उपाशी ठेवणं, पाणी तोडणं, दोन-दोन स्वेटर घालून पळवणं हे तर गुन्हा म्हणावं असं आहे. वजनगट बदला, मूल सुकवू नका.

आणि मोठ्या बायका? मी स्वतः एकेचाळिसाव्या वर्षी पांढरा पट्टा बांधला. बाहेर बाकावर बसून लेकीची वाट बघायची, त्यापेक्षा आत जावं म्हटलं. पहिला महिना सगळं अंग ठणकत होतं. आता हिरवा पट्टा आहे आणि काळ्याची घाई नाही. मोठ्या माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटं आणि मुलांनी रोज तासभर अंगमेहनतीचा खेळ खेळावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. चार घरची भांडी घासून कंबर दुखते पण दम वाढत नाही, हा फरक मला क्लासमध्ये कळला. तोल सुधारला, झोप लागायला लागली. गुडघा दुखतो त्या दिवशी मी लाथ कमरेखालीच ठेवते, कुणी काही म्हणत नाही.

क्लास निवडताना पट्टा किती दिवसांत देणार, हे विचारूच नका. तो प्रश्न आपण विचारतो म्हणूनच तर दुकानं चालतात. विचारा की परीक्षा घेणारे सर तेच की बाहेरचे? मागच्या वेळी किती मुलं नापास झाली? कुणीच कधी नापास होत नसेल तर तिथे परीक्षा होत नाही, पावती फाटते. ब्लॅक बेल्टपर्यंतच्या सगळ्या फिया आजच कागदावर लिहून मागा. प्रमाणपत्र कुठल्या संघटनेचं आणि ती कुणाशी संलग्न, तेही लिहून घ्या. पुढचा पट्टा देणं एकाच माणसाच्या हातात असतं, तेव्हा त्या माणसाकडे पोरापोरींवर फार मोठी सत्ता येते. म्हणून क्लासचं दार उघडं असावं, पालकांना कधीही बसून बघता यावं, आणि 'बेल्टची खास तयारी' म्हणून मुलीला किंवा मुलाला एकटं बोलावलं तर पाठवू नये. मूल अचानक क्लासला जायला नको म्हणालं तर आळशी म्हणून ओरडण्याआधी विचारा. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक घरात लिहून ठेवा.

राहिला नोकरीचा प्रश्न, ज्यासाठी त्या बाई आल्या होत्या. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण ते मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धेतल्या कामगिरीवर मिळतं, आणि त्या प्रमाणपत्राची क्रीडा विभागाकडून पडताळणी होते. दहावी-बारावीचे क्रीडागुणसुद्धा स्पर्धांवर आहेत. नुसत्या ब्लॅक बेल्टच्या प्रमाणपत्रावर यातलं काही मिळत नाही, मग त्यावर कितीही सोनेरी शिक्के असोत. कराटे, ज्युदो, तायक्वांदो हे शालेय स्पर्धांमध्ये आहेत. त्यासाठी नाव शाळेमार्फत जातं. कुठली स्पर्धा धरतात हे बदलत असतं, म्हणून फी भरण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारावं. तिथे विचारायला पैसे लागत नाहीत.

हे सगळं मी त्या बाईंना एका दमात सांगितलं नाही. नोकरीचं तेवढं सांगितलं. त्या बराच वेळ फ्रेमच्या कडेवरून बोट फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे पैसे गेलेच म्हणायचे." मी म्हटलं, पोरगी दोन वर्षं मैदानावर पळाली, ते गेलं नाही. त्यांना ते फारसं पटलं नसावं. हप्ते त्यांना भरायचे होते, मला नाही.

पोरीला मात्र शिकायचं होतं. पुढच्या सोमवारी ती आमच्या मॅडमकडे आली. पट्टा कुठला बांधू, तिने विचारलं. मॅडम म्हणाल्या, आधी पडायला शिक, मग बघू. दोन आठवडे तिने फक्त पडायचा सराव केला, हनुवटी छातीला लावून, तळहात गादीवर आपटून. आता मागे पडताना ती हात टेकत नाही. परवा तिची आई दवाखान्यात आली होती, पोरीला घेऊन. हिमोग्लोबिन तपासायला.